ज्याची हलली, त्याचं वाक्य

फोन ओट्यावर होता आणि त्याचे दोन्ही हात साबणाने भरलेले होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला, आणि तिथेच घोटाळा झाला. दादाचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. पाच वाजता येतो, थेट म्युझियमच्या फाटकाशीच येतो, बाबांची बॅग तुम्ही बरोबरच आणा म्हणजे परत घरी जायची दगदग नको, असं सगळं सांगून झाल्यावर दादा जरा मायेने म्हणाला, "आणि हे बघ छोट्या, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बायकोला आता झेपत नाही म्हणालास, ते मला पटलं. तिने तरी एकटीने किती करायचं?" बायको मागे टेबलाशी बसून डब्यात घालायला सफरचंद कापत होती. सुरीचा आवाज थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला, अगदी पहिल्यासारखा, ना जलद ना सावकाश. त्याने कोपरानेच स्पीकर बंद करायला जावं तर फोनच बंद झाला. वळून बघायचा धीर त्याला झाला नाही. एकच ताटली तो पुन्हा पुन्हा विसळत राहिला आणि नळ वाहत राहिला.

कारण बायको तसं कधी म्हणालीच नव्हती. ते वाक्य त्याचं होतं. दोनेक महिन्यांपूर्वी नोकरीच्या ठिकाणी, हॉस्पिटलच्या जिन्याखाली उभं राहून तो फोनवर बोलत असताना दादाने सरळ विचारलं होतं की बाबांचं झालंय काय नेमकं, आठ वर्षं तुझ्याकडे सुखाने राहिले, आता माझ्याकडे का? त्या 'का'पाशी तो अडला. आणि मग ते वाक्य निघून गेलं, हिला झेपत नाही रे आता, इतकं गुळगुळीत की जणू कितीतरी दिवस ओठांवरच येऊन बसलेलं होतं. दादा पलीकडे विरघळलाच. बायकोला झेपत नाही म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मागून वहिनी "बिचारी" म्हणाल्याचंही त्याला ऐकू आलं. बायकोला त्याने सांगितलं ते निराळंच: दादाच मागे लागलाय, त्यालाही वाटतं बाबांनी त्याच्याकडे राहावं, आपण कोण नाही म्हणणारे? आणि बाबांना सांगितलं हवापालट, चार दिवस. म्हणजे दादाला बायकोच्या नावाने, बायकोला दादाच्या नावाने आणि बाबांना हवेच्या नावाने. स्वतःच्या नावाने त्याने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तेव्हा त्याला फक्त हलकं वाटलं होतं, जिन्याखालून वर येताना त्याने चक्क शीळ घातली होती. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याला ती कधी तरी आपल्याच स्वयंपाकघरात वाजेल हे कुठे सुचतं?

तेवढ्यात बाबा दारात आले. हातात तपकिरी स्वेटर होता, घडी घातलेला. "हा ठेवू का रे बॅगेत? चार दिवसांसाठी लागेल का?" बायको उठली, त्यांच्या हातातून स्वेटर घेतला आणि म्हणाली, "ठेवू या ना बाबा. असू दे." बॅग तिनेच भरली होती. तिच्यात थंडीचे कपडे होते, चष्म्याची दुसरी जोडी होती, सगळी औषधं होती, रेडिओ होता. चार दिवसांच्या मानाने ती फारच जड होती आणि बाबांनी उचलून बघितली तर त्यांना ते कळेल म्हणून कालपासून ती त्याने पलंगाखाली सरकवून ठेवली होती. बायकोने स्वेटर नेऊन ठेवला. परत येताना ती त्याच्या अगदी जवळून गेली आणि तिने नळ बंद केला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दोन शब्द सुनावले असते, डबा आदळला असता, तर त्यालाही चिडता आलं असतं आणि त्या चिडण्यावर सबंध दिवस काढता आला असता. आता हातात काहीच नव्हतं, नुसता साबण.

म्युझियमची कल्पना त्याचीच. भरलेली बॅग आणि बाबा एकाच घरात संध्याकाळपर्यंत ठेवायचे हे त्याला सहन झालं नसतं. बसमध्ये बाबा खिडकीशी बसले, बायको त्यांच्याशेजारी, आणि तो बॅग धरून उभा राहिला, मागे जागा रिकामी असूनही. त्याला एका जागी राहणं जमतच नाही. लहानपणी आई त्याला चुळबुळ्या म्हणायची. अजूनही बसला की त्याचा गुडघा नाचत असतो, फोनवर बोलताना तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारतो. आणि धंदा मिळाला तो असा. तो एक्स-रे काढतो. दिवसभर काचेमागे उभा राहून अनोळखी माणसांना सांगतो, श्वास घ्या, रोखा, हलू नका. आणि माणसं खरोखर हलत नाहीत. ज्यांना कुणी जन्मात गप्प बसवू शकलं नसेल अशी माणसं छाती त्या थंड पाटीला लावून मुकाट उभी राहतात. मग तो म्हणतो, सोडा. नोकरीच्या सुरुवातीला एकदा फोन वाजला म्हणून तो 'सोडा' म्हणायचं विसरला होता आणि आत एक म्हातारे गृहस्थ जांभळे होईपर्यंत इमानेइतबारे उभे होते. त्यावरून वरिष्ठ तंत्रज्ञ त्याची कितीतरी वर्षं टर उडवत होते की याला रोखता तेवढं येतं. बाबांच्या छातीचा एक्स-रेही एकदा त्यानेच काढला होता, खोकला हटत नव्हता म्हणून. बाहेर आल्यावर बाबांनी अभिमानाने बायकोला सांगितलं होतं, अजिबात हललो नाही बघ, विचार याला. फोटो स्वच्छ आला होता. पडद्यावर बाबांच्या बरगड्या बघताना त्याला जे वाटलं होतं त्याला तो अजून नाव देऊ शकला नव्हता, फक्त तो फोटो त्याने नेहमीपेक्षा लवकर बंद केला होता.

झेपत नव्हतं ते त्याला. आणि काय झेपत नव्हतं हे सांगायला गेलं तर हसू आलं असतं. बाबा कारखान्यात पाळीप्रमुख होते. यंत्रांच्या गदारोळावरून हाक मारली तर पलीकडच्या टोकाचा माणूस दचकायचा. घरीही तोच आवाज. आणि आता ते विचारायचे. आंघोळीला जाऊ का? खिडकी उघडू का? आणखी एक चहा घेऊ का? रेडिओ लावू का, तू निजणार असशील तर नको. हे सुरू झालं त्याला वर्ष झालं असेल. एकदा त्यांच्या हातून गॅसची कळ उघडी राहिली. बायकोने नुसत्या खिडक्या उघडल्या आणि पंख्याच्या बटणाला कुणी हात लावू नका म्हणाली. ओरडला तो. मला विचारल्याशिवाय घरात कशालाही हात लावायचा नाही, असं तो ओरडला, बाबांचाच जुना आवाज काढून. बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ते विचारायला लागले. त्यात टोमणा नव्हता, तेच तर वाईट होतं. टोमणा असता तर ओळखू आला असता. ते मनापासून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हात गुडघ्यांवर ठेवून थांबायचे. दिवसातून कितीदा तरी त्याला 'हो बाबा' म्हणावं लागायचं आणि दर खेपेला तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. फक्त संध्याकाळी तो घरी आला की ते एक गोष्ट न विचारता करायचे. तो बूट काढत असतानाच म्हणायचे, "काय, आज किती मोडले?" ही त्यांची एकुलती एक थट्टा, हाडांची. सुरुवातीला तो आकडा फेकायचा. अलीकडे नुसतं हं म्हणायचा.

म्युझियमच्या सामानघरात बॅग देताना तिथल्या माणसाने ती उचलली आणि हुंकार दिला. "लांबचा प्रवास दिसतोय," तो म्हणाला. बाबा शेजारीच उभे होते. बॅगेच्या बदल्यात मिळालेला पितळेचा बिल्ला त्याने खिशात टाकला आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत ढांगा टाकत आत गेला. भांड्यांचं दालन, नाण्यांचं दालन, कुणाकुणाच्या खुर्च्या. बायको आणि बाबा एकत्र चालत होते, ती त्यांना काहीतरी दाखवत होती, ते वाकून बघत होते. ती शाळेत भूमिती शिकवते. रात्री जेवणं झाल्यावर ती वह्या तपासायला बसली की बाबा समोर बसून तिच्या पेन्सिलींना टोक काढून देतात, सगळ्या एका उंचीच्या करून ठेवतात. त्या दोघांना बघताना त्याला सारखं वाटत होतं की ती आता वळेल आणि म्हणेल, मी कधी म्हणाले रे? दर दालनात तो वाक्याची वाट बघत होता. उत्तरंही त्याने तयार ठेवली होती, तीन-चार, सगळी खोटी पण चालण्यासारखी. ती वळलीच नाही. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं, जसं काही दोघांत फरक असेल.

हातबाहुल्यांचं दालन आतल्या बाजूला होतं, कपड्यांचे रंग उडू नयेत म्हणून उजेड मंद ठेवलेला. काचेच्या कपाटांत ओळीने बाहुल्या उभ्या होत्या, लाकडी डोकी, खाली झग्यासारखं कापड, आणि जिथे माणसाचा हात असायचा तिथे पोलादी सळी. काही कपड्यांवर आतून आलेले डाग होते, घामाचे. येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलत होता, अरे, केवढ्याशा आहेत, मला मोठ्या वाटल्या होत्या. एक जाडजूड माणूस आपल्या आईला प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवत होता आणि आई दर वेळी "बरं" म्हणत होती. एक जोडपं बाहुल्यांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होतं. मुलं काचेवर वाफ सोडून त्यात नाकाचे ठसे उमटवत होती आणि खुर्चीतला रखवालदार जागेवरूनच, न बघता, काचेला हात लावू नका म्हणत होता. कोपऱ्यात एका पडद्यावर जुना चलत्पट पुन्हा पुन्हा लागत होता. त्यात बाहुल्या नव्हत्याच. कुणीतरी कॅमेरा उलट लावून फक्त खेळ बघणारी माणसं टिपली होती, ओळीने बसलेली, सगळे डोळे वर कशाकडे तरी लागलेले, हसता हसता एकदम गंभीर झालेली. तो त्या पडद्यासमोर बराच वेळ थांबला. ज्याच्यामुळे हसताहेत ते दिसत नव्हतं आणि तरी तो हसला. मग त्याला ती सळी आठवली आणि त्याच्या मनात आलं, की या प्रत्येक कापडात कुणाचा तरी पंजा होता, सत्तावीस हाडांचा, आणि तो काढून घेतल्यावर उरतं ते हे. स्वतःचा उजवा हात त्याने खिशात घातला. तिथे बिल्ला होता.

चार दिवस हा शब्दही त्याने शोधून काढलेला नव्हता. तो नऊ वर्षांचा असताना आई आजारी पडली, दादा मोठा म्हणून घरात कामाला उपयोगी होता, आणि बाबा त्याला म्हणाले होते, चार दिवस आत्याकडे राहून ये. आत्याचं घर लांब होतं. तिथे भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि जेवताना बोलायचं नाही असा दंडक होता. चार दिवसांचे त्याला वाटतं दोन उन्हाळे झाले, आई गेल्याचंही त्याला तिथेच कळलं. पण त्याला सगळ्यांत लख्ख आठवतं ते निघतानाचं. घरापुढे गाडी उभी होती, आत्या पुढे बसली होती, आणि तो, चुळबुळ्या, ज्याला जेवताना दोन घास शांत बसता यायचं नाही, तो अंगणात दगडासारखा उभा होता. पाठवू नका म्हणायचं होतं त्याला. ते वाक्य पूर्ण तयार होतं, पण हललं तर ते बाहेर पडेल म्हणून तो हललाच नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. किती शहाणा मुलगा, हूं नाही की चूं नाही. बाबांनी उचलून त्याला मागच्या सीटवर ठेवलं. बाबांशी याबद्दल तो पुढे कधीही बोलला नाही, बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं, आयुष्य सुरळीत झालं. मग आता या काचेच्या कपाटांसमोर हे सगळं कशाला वर यावं, हे त्याला कळेना. तो चिडला. कुणावर ते ठरवायच्या आत पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

दालनाच्या टोकाला खेळाची लाकडी चौकट मांडली होती, समोर काळा पडदा, मागे एक बुटकं बाक. खेळ शिकवणारी मुलगी सर्दीने बेजार होती, बाहीत खोचलेला रुमाल काढून नाक पुसत पुसत बोलत होती. तिने सांगितलं की पहिलं बोट मानेत, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. मग म्हणाली की बाहुलीचे ओठ हलत नाहीत, तेव्हा बघणाऱ्याला कळायचं कसं कोण बोलतंय? तर जी बोलते ती हलते आणि जी ऐकते ती दगड. "आणि एक गंमत सांगते," ती म्हणाली, "जुन्या खेळकऱ्यांची शिस्त होती. ऐकणारी बाहुली चुकून हलली, तर वाक्य तिचं. मग ते कुणी का म्हटलेलं असेना. मागे जाऊन दुरुस्ती करायची नाही, खेळ तिथूनच पुढे न्यायचा. ज्याची हलली, त्याचं वाक्य." मुलं खाली जमिनीवर बसली होती, मोठी माणसं मागे उभी. दोन मोठी माणसं हवीत, ती म्हणाली. मोठी माणसं लगेच छताकडे बघायला लागली. आणि बाबा त्याच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मी जाऊ का?" "जा ना बाबा," तो म्हणाला. मुलीने त्यालाच धरलं, या, तुम्हीही या, बापलेक दिसताय, बरं होईल.

पडद्यामागे जागा थोडकी होती. दोघं बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसले, हात डोक्यावर. बाबांना लाल टोपीवाला मिळाला, त्याला निळ्या सदऱ्याचा. आत कापड थंड होतं आणि बोटांपाशी कुणाच्या तरी आधीच्या बोटांनी झालेल्या खळग्या होत्या. बाबांचा चेहरा इतक्या जवळून त्याने किती दिवसांत बघितला नव्हता. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा सकाळी राहून गेला होता. पलीकडून मुलगी म्हणाली, बोला, काहीही बोला. बाबांनी वर बघितलं, लाल टोपीवाल्याला कमरेत वाकवलं आणि बारीक, चिरका आवाज काढून म्हणाले, "काय, आज किती मोडले?" मुलं खिदळली. त्याने निळ्या सदऱ्याला हलवून काहीतरी आकडा सांगितला, मोठा, न शोभणारा. मुलं आणखी हसली. "एवढे मोडले? मग जोडले किती?" बाबा म्हणाले. त्यांना सूर सापडला होता, डोळे चमकत होते. लाल टोपीवाला टाळ्या वाजवत होता, पडद्याच्या कडेवर डोकं आपटून घेत होता. यांना हे येतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्यालाही हसू आलं, खरंखुरं, सकाळपासून पहिल्यांदा. मग बाबा थांबले. लाल टोपीवाला वर तसाच राहिला, जरासा कललेला. बाबांची नजर बाहुलीवरून खाली आली, त्याच्या तोंडावर, आणि त्याच चिरक्या आवाजात, पण सावकाश, ते म्हणाले, "मला पाठवू नका."

बोलताना त्यांचा हात हलला नाही. ते विसरले असतील, किंवा दमले असतील. हलला तो त्याचा. मनगटापासून बोटांपर्यंत एक झटका गेला, निळा सदरा थरथरला, दोन्ही हात त्याच्या छातीपाशी आले आणि डोकं खाली झुकलं. त्याने थांबवायचा प्रयत्न केला तसं ते आणखीच हललं. मग पुढे बसलेली, पुढचे दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "निळा बोलला." दुसरी म्हणाली हो, निळाच, त्याला पाठवणारेत. "ज्याची हलली, त्याचं वाक्य," शिकवणारी मुलगी आनंदाने म्हणाली, तिला आयताच दाखला मिळाला होता. "निळा म्हणतोय मला पाठवू नका. आता लाल टोपीवाले, तुम्ही उत्तर द्या."

कोण बोललं ते फक्त त्या दोघांना माहीत होतं. सांगता आलं असतं, मान बाहेर काढून म्हणता आलं असतं की अहो, चूक झाली, ते यांचं होतं. त्याचा हात दुखायला लागला होता, दंडातून कळ येत होती. बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, आपलं वाक्य कुणी उचलून नेल्यावर येतो तसा, मग तो गेला आणि ते नुसते बघत राहिले, कितीतरी मागचं काही बघावं तसे. त्यांनी डाव्या हाताने उजव्याला कोपरापाशी आधार दिला. मग वर न बघता, त्याच्याकडेच बघत, चिरका आवाज टाकून देऊन आपल्या आवाजात ते म्हणाले, "नाही पाठवत." लाल टोपीवाला एक पाऊल पुढे आला आणि निळ्याच्या खांद्याशी टेकला. "मागच्या खेपेला पाठवलं ते पाठवलं. आता नाही."

निळा सदरा त्यानंतर अजिबात हलला नाही. मुलं वाट बघत होती, शिकवणारी मुलगी कुजबुजली, आता तुम्ही, आता तुमचं. तो नऊ वर्षांचा होता आणि कुणीतरी गाडीचं दार बंद केलं होतं, ते इतक्या वर्षांनी उघडलं होतं, आणि ज्याने उघडलं त्यालाच तो संध्याकाळी पाच वाजता गाडीत बसवणार होता. एवढं स्वच्छ त्याला आजवर कुणाचंही आतलं दिसलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. मुलीने येऊन दोघांच्या हातांवरून बाहुल्या काढल्या, उलट्या करून झटकल्या आणि पुढच्यांना हाक मारली.

बाहेर बाबा बाकावर दंड चोळत बसले आणि म्हणाले पाणी पिऊ का. बायकोने बाटली दिली. मग ती त्याच्याबरोबर चार पावलं बाजूला आली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "ते 'पाठवू नका' कोण म्हणालं?" तिला आवाज ओळखता आला नव्हता असं होणं शक्य नव्हतं, ती दोघांचे आवाज ओळखते. ती विचारत होती ते दुसरंच, सकाळच्या फोनवरच्या वाक्याचं. त्याला ते कळलं, आणि कळूनही तो हसून म्हणाला, "नियम ऐकलास ना." ती त्याच्याकडे बघत राहिली, उत्तर चुकलेल्या मुलाला पुन्हा एक संधी द्यावी तितका वेळ. मग परत जाऊन बाबांजवळ बसली आणि सफरचंदाचा डबा उघडला. फोडी काळ्या पडल्या होत्या. बाबांनी विचारलं, खाऊ का? आणि तो दूर उभा राहून स्वतःच्या त्या हसण्याची लाज वाटून घेत राहिला, घड्याळाकडे बघत राहिला, बिल्ल्याची कड अंगठ्याने घासत राहिला.

दादा वेळेवर आला. तो नेहमीच वेळेवर येतो. फाटकाशी गाडी लावून तो उतरला, बाबांच्या खांद्यावर हात टाकला, सामानघरातून सोडवून आणलेली बॅग बघून "अरे बापरे" म्हणाला. मग बायकोकडे वळला आणि आवाज उतरवून, पण बाबांना सहज ऐकू जाईल इतपत, म्हणाला, "तुझी फार ओढाताण झाली गं. झेपत नव्हतं तर मला आधीच सांगायचंस." बाबांनी मान वर केली. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती हलली नाही. तिने नकार दिला नाही, होकार दिला नाही, नवऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. बॅगेच्या मुठीवर नजर लावून ती नुसती उभी राहिली, आणि तेव्हा कुठे त्याला सकाळपासूनच्या तिच्या गप्प राहण्याचा उलगडा झाला. ती नाही म्हणाली असती तर ते वाक्य मग कुणाचं, हा प्रश्न बाबांसमोर उघडा पडला असता. बाबांना मुलाचं नाव कळण्यापेक्षा ती ते वाक्य स्वतःच्या अंगावर घेणार होती. आयुष्यभर. पेन्सिलींना टोक काढून देणाऱ्या माणसासमोर ती अशीच उभी राहणार होती.

दादाने बॅग उचलली. बाबा गाडीकडे एक पाऊल गेले, थांबले, आणि वळून धाकट्या मुलाला त्यांनी विचारलं, "जाऊ का?"

रोज दिवसातून कितीदा तरी जे तो म्हणायचा ते 'हो बाबा' त्याच्या जिभेवर आपोआप आलं होतं. ते त्याने गिळलं. आणि जो आवाज फक्त काचेमागून निघायचा, अनोळखी माणसांसाठी, तो निघाला. "हलू नका."

"काय?" दादा म्हणाला.

"बाबा, हलू नका," तो पुन्हा म्हणाला. हात थरथरत होता, आणि त्याने तो खिशात घातला नाही. "दादा, ती काही म्हणालेली नाही. कधीच नाही. ते मी म्हणालो होतो. तुला तिचं नाव सांगितलं, तिला तुझं सांगितलं. झेपत नाही ते मला." पुढे त्याला आणखी खूप बोलायचं होतं, की उद्यापासून झेपेल असंही काही नाही, की ते विचारतात तेव्हा मला काय होतं हे मला सांगता येत नाही, की गॅसच्या दिवशी मी असं ओरडायला नको होतं, पण ते सगळं एकदम आलं आणि दारातच एकमेकांत अडकून बसलं. दादाने बॅग खाली ठेवली आणि तो कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. रस्त्यावरून एक बस गेली. बायकोने पहिल्यांदा मान वळवली, त्याच्याकडे नाही, बाबांकडे.

बाबा होते तसेच उभे होते. एक पाय पुढे, पाठ ताठ, दोन्ही हात बाजूला सोडलेले. छाती भरून घेतलेली होती आणि गाल फुगले होते. त्यांना सांगितलं होतं हलू नका, आणि ते अजिबात हलत नव्हते.

"अरे, सोडा म्हण त्यांना," बायको म्हणाली. "श्वास धरून उभे आहेत."